देयानिराचं डावं पाऊल

आमच्या होयो दुल्से गावात कुणाचं काय चाललंय हे चर्चच्या पायरीवर रविवारी कळतं, नेरेओच्या दुकानावर सोमवारी कळतं, आणि देयानिरा माटोसला त्याच्या आठवडाभर आधी कळलेलं असतं. ती कुणाच्या दाराला कान लावत नाही. समुद्राकडं जाणाऱ्या वाटेवर बदामाच्या झाडाखाली तिचं पत्र्याचं खोपटं आहे, तिथं माणूस दुरुस्तीला चप्पल टाकून जातो. ती चप्पल उलटी करते, तळ बघते आणि भुवया वर करते. झालं काम.

मागे सिमोनाच्या नवऱ्याचे बूट आले होते. सिमोना न्यायला आली तर देयानिरानं विचारलं, "हा मासे धरायला जातो म्हणतेस?"

"रोज पहाटे जातो की! एवढाले मासे आणतो."

"विकत आणत असेल. बोटीत उभ्या राहणाऱ्याचा चवडा झिजतो गं. ह्याच्या टाचा झिजल्यात, दोन्ही सारख्या. डोक्यावर ओझी वाहतोय हा कुठंतरी."

सिमोना तणतणत गेली. दोन दिवसांनी कळलं ते असं, की बोट उलटल्यापासून तो बाबा समुद्राला घाबरला होता, आणि लाजेपायी पेदेर्नालेसला जाऊन सिमेंटच्या गोण्या वाहत होता. येताना दुसऱ्याच्या जाळ्यातले मासे हातात लटकवून यायचा. देयानिराला शाबासकी द्यायला कुणी आलं नाही. तिलाही गरज नव्हती. आपण चुकत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि ते ती लपवतही नसे.

बासष्ट वर्षांची बाई. धिप्पाड, काळीसावळी. तोंडात कायम एक खिळा धरलेला, त्यामुळं बोलणं ओठाच्या एकाच कोपऱ्यातून. बापाकडून धंदा शिकली, बापाचीच आरी आणि रापी आजही वापरते. गावातल्या झाडून साऱ्या पायांची कुंडली तिच्यापाशी. पण गंमत बघा, तिचं स्वतःचं डावं पाऊल गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे पूर्वी पाहिलेलं होतं. ज्यांनी पाहिलं होतं ते विसरले होते, एक नेरेओ सोडून.

ते पाऊल जन्मापासून आत वळलेलं. तळवा जमिनीला टेकतच नसे. पावलाच्या बाहेरच्या कडेवर सारा भार. लहानपणी गावची पोरं अनवाणी हिंडायची तशी हीही हिंडायची, तुरुतुरु, कुणाच्या मागं पडायची नाही. तिला वाटायचं पाय असे पण असतात नि तसे पण असतात.

सातव्या वर्षी तिला कळलं की तसं नसतं. सिग्वापाचं नाव आमच्याकडं पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. डोंगरातल्या गुहेत राहणारी, पायघोळ केसांची, उलट्या पावलांची बाई. हडळच म्हणा. तिच्या मागावर गेलेला माणूस वाट चुकतो, कारण पावलं उलट्याच दिशेला दिसतात. तिला धरू शकतो तो फक्त काळापांढरा कुत्रा, आणि त्याच्या पायाला पाचवं नख पाहिजे. असा कुत्रा सगळ्या गावात एकच होता, नेरेओचा. नेरेओ नऊ वर्षांचा. भर दुपारी विहिरीपाशी त्यानं कुत्र्याच्या गळ्यातली दोरी सोडली आणि ओरडला, "सिग्वापा! धर तिला! छू!"

कुत्रा धावला. पोरं टाळ्या पिटत होती. देयानिराच्या हातात तळलेल्या केळ्याचा तुकडा होता. कुत्र्यानं तो हुंगला, खाल्ला, आणि तिच्या पायाशी बूड टेकून बसला. तो पुन्हा नेरेओकडं गेलाच नाही. आज पंचावन्न वर्षं झाली, तरी नेरेओ चारचौघांत म्हणतो, "हिनं माझा कुत्रा पळवला." आणि ही खिळा न काढता म्हणते, "कुत्र्याला अक्कल होती."

तोंडानं काहीही म्हणो, त्या दिवशी पोरगी घरी गेली ती बाहेर येईना. मग तिच्या बापानं, सिल्व्हानोनं, आठ दिवस खपून बूट केला. बाहेरून उजव्यासारखाच डावा, आतून निम्म्या भागात कॉर्क भरलेला. पाऊल कडेवर आहे हे ब्रह्मदेवाला कळलं नसतं. त्या बुटात ती शाळेत गेली, त्या बुटात समुद्रात उतरली, त्या बुटातच लिओन्सिओशी लग्न लागलं. लिओन्सिओनं घरात तो पाय पाहिला होता, पण गेला तोवर त्यावर एक शब्द बोलला नाही. फार भला माणूस. कुत्रे मात्र ती पहिल्यापासून काळेपांढरेच पाळत आली. आत्ताच्याचं नाव सिंको, म्हणजे पाच. नखं मोजून ठेवलेलं.

तर ह्या सगळ्यावर धूळ बसली होती. ती उडवली नेरेओच्या बकरीनं.

बकरी डोंगरातल्या काटेरी रानात चरता चरता खडकातल्या खड्ड्यात पडली. नेरेओ दोर बांधून खाली उतरला. बकरी मजेत पाला खात उभी, आणि तिच्या खुरांखाली लाल मातीत हाडंच हाडं. लांब वाकड्या नख्या. आणि एक पाऊल, असं पिळवटलेलं की नेरेओ दोरावरून बकरीच्या आधी वर आला.

"सिग्वापा सापडली!" तो गावभर सांगत सुटला. दुकानावर पाटीही लावली.

राजधानीहून डॉक्टरीणबाई आल्या, योकास्ता पेगेरो त्यांचं नाव. औषधाच्या नव्हेत, हाडांच्या डॉक्टर. त्यांनी हाडं बघितली आणि आनंदानं त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, हा निओक्नस. झाडांवर लटकणारा तो आळशी प्राणी असतो ना परमुलखात, त्याचा चुलतभाऊ. पण हा आपल्याच बेटांवरचा, जगात दुसरीकडं कुठंच नाही. मोठ्या कुत्र्याएवढा, झाडावर चढणारा नि जमिनीवरही चालणारा. माणसं ह्या बेटावर आली आणि पुढं काही काळात हा संपला.

गावानं दोन दिवसांत त्याचं नेरेओक्नस केलं. नेरेओ चिडायचा, पण आतून सुखावायचा.

तीन आठवडे गावाच्या सभागृहात बाईंचं काम चाललं. खरी हाडं राजधानीला जायची होती. पण प्रत्येक हाडाचा साचा काढून, प्लास्टरचा अख्खा सांगाडा करून गावाला द्यायचा, असं बाईंनी कबूल केलं होतं. मिठासारखी पांढरी भुकटी सभागृहभर पसरलेली. घोडं अडलं ते पायाशी. सांगाडा उभा राहीना. लाकडी टेकू काढला की एका अंगावर कलंडायचा.

नेरेओ पडला गावसमितीचा अध्यक्ष. सभागृहाची किल्ली त्याच्याकडं. तो म्हणाला, "बाई, पावलं उलटी लावा, खाली पाटी लावा 'सिग्वापा', बघा कशी माणसं लोटतात ती. आणि खरं सांगू का, ह्याच जनावराची आठवण ठेवून लोकांनी सिग्वापा रचली असणार."

"खोटं पाऊल लावून मी इथं काही ठेवणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तसंच करायचं असेल तर साचेसुद्धा पेट्यांत भरून घेऊन जाते." शनिवारी दुपारी गावानं ठरवायचं, असं ठरलं.

गुरुवारी बाईंचा बूट उसवला, आणि तो शिवून द्यायला देयानिरा स्वतः सभागृहात गेली. दारातच थबकली. खिळा तोंडातून काढून हातात घेतला. ही फार मोठी गोष्ट.

"पाऊल चुकलंय, बाई."

"मलाही तेच वाटतंय, डोन्या," थोरल्या बाईला मानानं हाक मारतात तशी हाक मारून बाई म्हणाल्या. "हे घोट्याचं हाड बसतच नाही. दुसऱ्या कुठल्या जनावराचं मिसळलं असणार."

"त्याचंच आहे. तुम्ही पाऊल सपाट टेकवलंत. हा कडेवर चालायचा."

"कशावरून म्हणता?"

"हे बाहेरचं हाड बघा, किती दणकट. आणि आतलं बघा, काडी नुसती. ह्यानं माझ्याकडं बूट आणला असता ना, तर तळ इथं झिजलेला असता. इथं." तिनं बोट टेकवलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. वाकून दोन्ही हाडं बघितली. मग म्हणाल्या, "मोठ्या जातींचे पाय असे वळलेले असायचे, ते माहितीय मला. पण हा एवढासा. ह्या भारानं घोटा मोडेल की, डोन्या. एकदा दुमडला की संपलं. नुसत्या म्हणण्यावर मी नाही लावू शकत, दिसलं पाहिजे मला."

देयानिरानं आपल्या पायाकडं पाहिलं. पुरावा होता. डाव्या बुटात होता, घट्ट लेस बांधून. तिनं खिळा परत दातांत धरला आणि तडक घरी आली. त्या संध्याकाळी सिंकोवर उगाचच खेकसली.

शुक्रवारी सकाळी नेरेओची मुलगी रोसाउरा चपलेचा पट्टा लावून घ्यायला आली. कडेवर तिची अकरा महिन्यांची नुरिया. उन्हानं पत्रा तापलेला, सिंको जीभ बाहेर काढून पडलेला, आणि लेकराच्या पायात लोकरी मोजे! पोरगी बाक धरून उभी राहिली. देयानिरानं सवयीनं खाली पाहिलं. उजवा मोजा तळाशी मळलेला. डावा मोजा तळाशी कोरा पांढरा, आणि बाहेरच्या कडेला काळाकुट्ट.

देयानिराच्या हातातली आरी थांबली. रोसाउरानं ते पाहिलं आणि तिचा चेहरा पडला.

"पप्पांना सांगू नका, डोन्या. पाया पडते."

"त्याला ठाऊक नाही?"

"कुणालाच नाही. आंघोळसुद्धा दार लावून घालते. पप्पा सारखे सिग्वापा सिग्वापा करतात, जेवतानाही तेच. उद्या ते भूत सभागृहात उभं राहिलं, की..." तिनं नुरियाला उचलून घेतलं. "हिला सगळे काय म्हणतील?"

"दवाखान्यात दाखवलंस?"

"जन्मली तेव्हा नर्सनं सांगितलं होतं. बाराओनाच्या मोठ्या दवाखान्यात न्या म्हणाली. पण सारखं जा-ये केलं तर गावात विचारतील ना, कशाला जातेस."

"मूर्ख आहेस!" देयानिरा अशी कडाडली की नुरिया दचकली. "अगं, प्लास्टर घालून सरळ करतात आता! माझ्या वेळेला..." ती थांबली. पट्टा लावून झाला होता. तिनं चप्पल पुढं सरकवली आणि हळू आवाजात म्हणाली, "सोमवारी बाराओना. नाही गेलीस तर मी तुला झिंज्या धरून नेईन."

त्या गेल्यावर तिनं आरी खाली ठेवली. डोळ्यांसमोर विहीर आली, सुटलेली दोरी आली. ते भूत पाटीसकट सभागृहात उभं राहिलं, की ह्या पोरीला सात वर्षंही थांबावं लागणार नाही. नाव आधीच तयार असेल. आणि ते ठेवणारा तिचा स्वतःचा आजोबा! देयानिराला त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. आपण पंचावन्न वर्षं बूट घालून बसलो, म्हणून तर ह्या गावाला वाटतं की असा पाय फक्त भुताचा असतो.

शनिवारी दुपारी सभागृह भरलं. नेरेओनं इस्त्रीचा सदरा घातला होता.

"मंडळी," तो म्हणाला, "बाई शिकलेल्या आहेत, मान्य. पण त्यांना हा उभा करता येत नाही, आणि मला येतो. पावलं फिरवा, पाटी लावा. गावाचं नाव होईल. आता आमची देयानिरा म्हणते म्हणे, हा कडेवर चालायचा." तो हसला, चारदोन जणही हसले. मग सलगीच्या शेजारणीला मारतात तशी त्यानं तिला हाक मारली. "कोमाद्रे, चपला शीव बाई तू. कडेवर कुणी चालू शकतं का? दाखव बरं चालून!" तो बूट चारचौघांत कधी निघणार नाही, ह्याची त्याला पक्की खात्री होती.

"दाखवते," देयानिरा म्हणाली.

ती दारापाशी स्टुलावर बसली. खिळा काढून खिशात ठेवला. उजव्या बुटाची लेस सोडली, मग डाव्याची. डावी सुटायला वेळ लागला. बूट काढला, मोजा काढला. मागच्या बाकावरून कुणीतरी "जेझू!" म्हणालं आणि छातीवर क्रूस काढला.

मग ती उभी राहिली आणि चालू लागली. दारापासून सांगाड्यापर्यंत, पांढऱ्या भुकटीतून, तिच्या त्या धिप्पाड देहाचा सारा भार त्या कडेवर घेऊन. मध्ये थांबली नाही, कशाला धरलं नाही. सांगाड्यापाशी पोचली, वळली, आणि परत दारापर्यंत आली.

"मोडला का घोटा?" तिनं विचारलं.

डॉक्टरीणबाई कधीच्या गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि भुकटीतले ठसे बघत होत्या. उजवा ठसा अख्खा. डावा म्हणजे फक्त एक बाहेरची कड, चंद्रकोरीसारखी. त्या गुडघ्यांवरच सरकत सांगाड्याकडं गेल्या. पाऊल काढलं, आत वळवलं, कडेवर टेकवलं, आणि ते नको असलेलं घोट्याचं हाड जागेवर धरलं. खट् आवाज झाला. दुसऱ्या पायालाही तसंच केलं. मग त्यांनी श्वास रोखून लाकडी टेकू काढून घेतला.

तो उभा राहिला. हजारो वर्षांनी, आमच्या सभागृहात, आपल्या पायांवर.

"अगं बाई," सिमोना म्हणाली, "आळशी उठला की!"

हशा पिकला. देयानिरा हसली नाही. "ह्याला आळशी कुणी म्हटलं हो, बाई?"

"नाव आहे ते सगळ्या कुळाचं. ह्याच्या परदेशातल्या भाऊबंदांना बघून ठेवलं."

"ह्याला चालताना बघितलं होतं कुणी?"

"नाही, डोन्या. शक्यच नव्हतं."

"मग काय तर! बघायचं नाही नि नावं ठेवायची." हे बोलताना ती नेरेओकडं बघत होती. "हा काही सिग्वापा नाही, नेरेओ. ह्याची पावलं उलटी नाहीत. वळलेली आहेत. वळलेल्या पावलानंही माणूस जायचं तिथंच जातो. मी बासष्ट वर्षं जातेय."

एवढ्यात पुढच्या बाकावरून रोसाउरा उठली. तिनं नुरियाला खाली भुकटीत उभं केलं, आणि सगळ्यांदेखत तिचे दोन्ही मोजे काढले. पोरगी आजोबांकडं बघून हसली आणि आईचं बोट धरून चार पावलं चालली. एक अख्खा ठसा, एक कड. एक अख्खा, एक कड.

नेरेओनं ते ठसे पाहिले. खाली बसला. त्यानंतर सिग्वापाच्या पाटीचं नाव कुणी काढलं नाही, आणि हात वर करायची वेळच आली नाही. अध्यक्षच रडत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. चर्चची घंटा झाल्यावर नेरेओ बदामाखाली आला. नातीला स्वतः उचलून आणलं होतं. सिंको त्याला हुंगून गेला.

"तुला कधी कळलं?" त्यानं विचारलं.

"शुक्रवारी. मोजे बघितले."

"मग बोलली का नाहीस?"

"नावं ठेवायची घाई तुला असते. मला नसते."

नेरेओनं मान खाली घातली. मग म्हणाला, "कोमाद्रे... ते विहिरीचं. त्या कुत्र्याचं."

"काय कुत्र्याचं?"

"मी पंचावन्न वर्षं खोटं बोलतोय. तू नाही पळवलास. मीच..."

"ते मला ठाऊकच आहे," देयानिरा म्हणाली. आवाज मात्र पहिल्यांदाच मऊ होता. "उद्या बाराओनाला रोसाउराबरोबर तूही जायचंस. दुकान बंद ठेव एक दिवस, गाव मरत नाही. प्लास्टर निघालं की पोरीला खास बूट लागतात, डॉक्टर नमुना देतील. तो माझ्याकडं आण. आणि समजा, नाहीच झालं सरळ, तरी घाबरू नकोस. मी आहे. आज माप घेऊन ठेवते. आण इकडं."

तिनं पुठ्ठा जमिनीवर ठेवला, पेन्सिल घेतली. नेरेओनं नातीला पुठ्ठ्यावर उभं केलं आणि तिच्या काखेत हात घालून तो स्वतः गुडघ्यावर बसला. तेव्हा कुठं त्याला दिसलं. स्टुलाखाली दोन्ही बूट नीट जोडीनं ठेवलेले होते, आणि भर रस्त्याकडं तोंड करून बसलेल्या देयानिराचे दोन्ही पाय उघडे होते.